फ्लॉपीत अडकलेली वॉरहॉलची चित्रे

प्रश्न: अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काढलेली चित्रे २०१४ मध्ये जुन्या फ्लॉपींतून बाहेर काढण्यात आली; ती आधी कोणाला सहज का उघडता आली नाहीत?

प्रतिसाद १: फ्लॉपी वाचणे हे निम्मेच काम होते. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबने चकत्यांवरील चुंबकीय नोंदी जशाच्या तशा उतरवून घेतल्या खऱ्या, पण फाइलींचे स्वरूप प्रचलित प्रणालींच्या ओळखीचे नसल्यामुळे आधी त्यांची रचनाच उलगडावी लागली.

प्रतिसाद २: त्या चित्रांतली तीन डोळ्यांची व्हीनस (रोमन प्रेमदेवता) अवश्य पाहावी, कपाळावरचा डोळा चक्क नक्कल करून चिकटवलेला आहे. सूपच्या डब्याची माउसने काढलेली वेडीवाकडी रेषा मात्र मला अधिक आवडली.

प्रश्नकर्ता: मूळ फ्लॉपी कोणाकडे होत्या?

प्रतिसाद १: पिट्सबर्गच्या अँडी वॉरहॉल संग्रहालयाकडे.