मदत हवी आहे: एचएलए बी२७ पॉझिटिव्ह निघाला म्हणून मामाने एचआयव्हीच्या गोळ्या बंद केल्यात

मंडळी, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या. माझा मामा (वय ५२) २०११ पासून पॉझिटिव्ह. तेव्हा सीडी४ (एचआयव्ही ज्या संरक्षक पेशी मारतो त्यांचा रक्तातला आकडा) साडेतीनशेच्या खाली आल्याशिवाय गोळ्या सुरू करत नव्हते आणि ह्याचा कायम सहाशेच्या वर, त्यामुळे सहा वर्षं तशीच गेली, मग २०१७ ला सगळ्यांनाच गोळ्या द्यायचं धोरण आलं आणि ह्याच्याही सुरू झाल्या. नियमित घ्यायचा हो, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, सापडतच नव्हता.

आता दोन वर्षं झाली कंबर धरते, सकाळी उठला की अर्धा तास लाकडासारखा. हाडाच्या डॉक्टरने रक्त तपासलं, रिपोर्टवर एचएलए बी२७ (कण्याच्या संधिवातात बरेचदा सापडणारा जीन) पॉझिटिव्ह. मामेभावाने ते गुगल केलं, कंबर राहिली बाजूला, ह्यांना सापडलं काय तर बी२७ वाल्यांत एचआयव्ही हळू वाढतो. झालं! "देवानेच आत औषध घालून पाठवलंय, सहा वर्षं झालं का काही मला?" मामीने गुपचूप फोटो पाठवला, गोळ्यांची बाटली फ्रीजवर, सीलसुद्धा तोडलेलं नाही.

आणि वैताग असा की तो साफ खोटं बोलत नाहीये. मी वाचलं त्याप्रमाणे एचएलए म्हणजे पेशीने बाहेर धरलेलं ताट, आत जे शिजतंय त्याचे तुकडे त्यात मांडलेले असतात, ते बघून सीडी८ नावाच्या मारेकरी पेशी ठरवतात हिला मारायचं का. त्यातला 'बी' जीन एक आईकडून येतो, एक बापाकडून. बी२७ च्या ताटात व्हायरसच्या गॅग प्रोटीनचा असा तुकडा येतो की तो बदलायला गेलं तर व्हायरसच लंगडा होतो. बी५७ ह्या दुसऱ्या प्रकाराचंही साधारण तसंच. पण काही वर्षांनी व्हायरस त्या तुकड्यात २६४ व्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल काढून लायसिन बसवतो, दुसरीकडे अजून एक बदल करून आपली डागडुजी करतो, आणि मग बी२७ असूनही सीडी४ घसरतो. हे सांगितलं तर म्हणतो तू कॉमर्सवाला, गप बस.

बी२७ असेल तर गोळ्या सोडून चालतं असं कुठे आहे का? आणि हाडाच्या डॉक्टरला एचआयव्हीचं सांगितलेलंच नाहीये त्याने, रोज पेनकिलर चालू आहे. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या सेंटरवर ओरडतील म्हणून तिकडेही जात नाही. काय करू?

प्रतिसाद: दादा, मी एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्यांच्या) सेंटरला काउन्सेलर होते. नाही चालत. स्मार्ट नावाची ट्रायल होती, साडेपाच हजाराच्या आसपास लोक, सगळ्यांचा सीडी४ ३५० च्या वर, मध्ये औषध थांबवणाऱ्यांत मृत्यू जास्त व्हायला लागले म्हणून २००६ ला थांबवावी लागली. पेनकिलरचं हाडाच्या डॉक्टरशी बोलाच, एचआयव्हीच्या गोळीत टेनोफोव्हिर हे औषध असेल तर दोन्ही मिळून किडनीवर येतं, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या. जीन्सवर वाद घालू नका, त्यात तो जिंकेल. फक्त एवढं विचारा, बी२७ तुझ्यात आहे, मामीत आहे का? गोळी बंद म्हणजे लोड वर, म्हणजे तिला धोका. तिचीही टेस्ट करा.

धागाकर्ता: मामीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच फोन केला, मामा बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला गुरुवारी गाडी काढ. हाडाच्या डॉक्टरला मात्र तूच सांग म्हणतोय.