आईला समुद्र दाखवायचाय

सी-१०४: नमस्कार मंडळी. जानेवारीत आपल्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा झाली की आईला मुंबईला न्यायचं म्हणतोय. वय ७१. चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं, तुळजापूर-पंढरपूरच्या पलीकडं कधी गेली नाही. परवा टीव्हीवर समुद्र बघून म्हणाली, "ह्याला पलीकडचा काठच नाही का रे?" तेव्हाच ठरवलं. मी, बायको, आठवीतला मुलगा आणि आई, तीन दिवस. आईचे गुडघे दुखतात, जिना चढायला वेळ लागतो. मी स्वतः दोनदाच गेलोय, तेही कामापुरतं. माहीतगारांनी सांगावं.

ए-२०२ काका: फार चांगलं करताय. जाताना सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा. रात्री साडेदहाच्या सुमारास इथून सुटते, सकाळी लवकर दादरला उतरवते. लोकलला खरी गर्दी आठनंतर होते, त्याच्या आत तुम्ही खोलीवर पोचलेले असता. वंदे भारतनं जाताना पहिला दिवस अर्धा जातो आणि आईंना साडेसहा तास बसून राहावं लागेल. येताना मात्र तीच बरी. दुपारी चारच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, रात्री घरी येऊन झोपायचं. बुधवारी मुंबईहून नसते, तारीख ठरवताना बघा.

ए-२०२ काका: आणि लोअर बर्थचं नीट ऐका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. चौघांचं एकच तिकीट काढलं तर ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा लागत नाही. बायकांना त्या कोट्यात ४५ वर्षांपासून धरतात. सूनबाई ४५ च्या वर असतील तर सासू-सुनेचं तिकीट वेगळं काढा, दोघी एकत्र राहतील. तुमचं आणि मुलाचं दुसरं. तिकिटातली सवलत मात्र २०२० पासून बंद आहे, ती शोधत बसू नका.

सी-१०४: ती ४६ ची आहे काका. हे माहीतच नव्हतं.

सेक्रेटरी: मध्येच लिहितो, माफ करा. उद्या सकाळी नळाला पाणी आहे, टाक्यांचे कॉक बघून घ्या. चालू द्या.

बी-३०१ वहिनी: भाऊ, मी सासूबाईंना उपचारासाठी सहा वेळा मुंबईला नेलंय. एक गोष्ट कळकळीनं सांगते. दुसऱ्या खेपेला दादरला लोकल आली, माझी लेक पटकन चढली, मी पिशवी आत टाकली आणि मागं वळते तर सासूबाई प्लॅटफॉर्मवरच. गाडी जेमतेम वीस-पंचवीस सेकंद थांबते. सुटलीच. पुढच्या स्टेशनवर उतरून परत येईपर्यंत माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. त्या बिचाऱ्या एका खांबाला धरून उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत घट्ट. भेटल्यावर मुठीत बघितलं तर पदर घामानं भिजलेला. तेव्हापासून आमच्या घरात ठरलंय: चढताना म्हातारं माणूस पहिलं, पोरं मधी, मोठं माणूस शेवटी. आणि चुकामूक झालीच तर मागं राहिलेल्यानं जागचं हलायचं नाही, पुढं गेलेल्यानं परत यायचं. आईंच्या पर्समधी तुमचे दोन्ही नंबर आणि लॉजचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

सी-१०४: वाचूनच काटा आला वहिनी. घरी सगळ्यांना वाचून दाखवतो.

बी-४०३: मी सहा वर्षं मुंबईत होतो. दादा, आईंना घेऊन लोकलच्या नादी लागूच नका, फार तर एकदा दुपारी बारा ते चारच्या मधी हौस म्हणून बसवा. आता भुयारी मेट्रो ३ आहे, आरेपासून कफ परेडपर्यंत. २०२५ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण चालू झाली. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, गाडीत एसी. दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी, सगळं तिच्यावर. खाली मोबाइलची रेंज बऱ्याचदा जाते, तेवढं एकत्र राहा.

बी-४०३: रिक्षा शोधत फिरू नका. आपल्याकडं हाक मारली की रिक्षा. तिथं वांद्रे आणि सायनच्या अलीकडं, शहराच्या बाजूला, रिक्षाला परवानगीच नाही. काळी-पिवळी टॅक्सी घ्या, मीटर टाकायला सांगा. चौघांना परवडते.

बी-३०१ वहिनी: खोली दादर-परळ भागातच घ्या. नातेवाईक विरार-बदलापूरला असतील तर एक दिवस जेवायला जा, मुक्काम नको, दिवसाचे चार तास प्रवासात जातात. आणि फोन करून विचारा, लिफ्ट आहे का, आज चालू आहे का. आम्हाला एका लॉजवाल्यानं लिफ्ट आहे म्हणून सांगितलं आणि तीन मजले चढायला लावले. सासूबाई प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत होत्या. मूळ आधार कार्ड सगळ्यांचं जवळ असू द्या.

सी-१०४: मुलाला एलिफंटा बघायचंय. आईला जमेल का?

ए-२०२ काका: नको. गेटवेहून बोटीनं तासभर, आणि वर शंभराहून जास्त पायऱ्या. तुम्ही दोघं बापलेक जा, सोमवार सोडून, सोमवारी बंद असतं. त्या दिवशी आईंना आराम करू द्या. मुलाला सीएसएमटीची इमारत बाहेरून नीट दाखवा, १८८८ ची आहे. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो, त्या दिवशी लांबचं काही ठरवू नका. सिद्धिविनायकाला मंगळवारी जाऊ नका, रांगेत उभं राहणं त्यांना झेपणार नाही.

सी-१०४: आणि समुद्र कुठला दाखवू?

बी-४०३: गिरगाव चौपाटी. वाळू उताराची आहे, पाण्यापर्यंत हळूहळू चालत जाता येतं. चारच्या सुमारास पोचा, सूर्य बुडेपर्यंत बसा. मरीन ड्राइव्हचा कठडा बसायला छान, पण तिथं पाण्याला पाय लागत नाही. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ मोबाइलवर बघा. ओहोटीला पाणी लांब जातं, ओल्या वाळूत चालणं गुडघ्याला जड पडतं. भरती चढत असताना पाणी आपणहून पायाशी येतं.

बी-३०१ वहिनी: त्या एका संध्याकाळी दुसरं काहीच ठरवू नका भाऊ. चालायचं किती ते आईंना ठरवू द्या.

ए-२०२ काका: जानेवारीत सुद्धा दुपारी घाम येतो. आपलं ऊन भाजतं पण कोरडं, तिथं घाम वाळतच नाही. सुती लुगडी जास्तीची घ्या, पाणी सारखं पाजा.

बी-३०१ वहिनी: कडक भाकरी नेणार असाल तर स्टीलच्या घट्ट डब्यात. मी पिशवीत नेल्या, दुसऱ्या दिवशी दमट हवेनं चामड्यासारख्या झाल्या. शेंगाचटणी मात्र टिकते. वरण-भात कुठंही मिळेल, पण आईंना तिखटाशिवाय घास जायचा नाही.

सी-१०४: सगळ्यांचे मनापासून आभार. आईला आत्ता सांगितलं. विचारतीय, समुद्राला नारळ वाहायचा तर इथून नेऊ की तिथं मिळतो?

बी-३०१ वहिनी: इथूनच न्या. आणि शेंडी काढू नका म्हणावं.