आप्पांच्या मांडीतली गाठ: आधी बायोप्सी की थेट ऑपरेशन? तातडीने सल्ला हवा

नमस्कार मंडळी. आमचे आप्पा, वय ६४, सांगलीकडे शेती. उजव्या मांडीत आतल्या बाजूला गाठ आहे. दुखत नाही म्हणून वर्षभर कुणाला बोलले नाहीत. दिवाळीत अंगाला तेल लावताना आईच्या हाताला लागली.

सोनोग्राफीत आलं, 'स्नायूच्या आत, ९ बाय ६ सेंमी, चरबीची गाठ वाटते, एमआरआय करावा.' सर्जन म्हणाले, एमआरआय कशाला, जागा बधिर करून काढून टाकू. मला पटेना. मिरजेला कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआय केला. गाठ बहुतेक चरबीचीच, पण आतले पडदे २ मिमीपेक्षा जाड आहेत. एका कोपऱ्यातला भाग चरबीसारखा दिसत नाही आणि कॉन्ट्रास्ट घेतोय. शेवटी लिहिलंय, 'लिपोसार्कोमाची शक्यता, बायोप्सी करावी.' म्हणजे चरबीच्या पेशींचा कॅन्सर असू शकतो, गाठीचा तुकडा काढून तपासा.

चुलते म्हणतात, सुई टोचली की गाठ पसरते. आप्पा गप्प. रात्री चादरीखाली हात घालून गाठ चाचपत बसतात, बघवत नाही. ऑपरेशन गुरुवारी आहे. पुढे ढकलू का?

प्रतिसाद १:
ढकला, आजच कळवा. माझ्या बहिणीची पोटरीतली गाठ अशीच तपासणीआधी काढली. कडेला गाठ शिल्लक राहिली आणि दुसरं, पहिल्यापेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागलं. गाठ ५ सेंमीपेक्षा मोठी किंवा खोल असेल तर आधी एमआरआय, मग बायोप्सी, मगच सुरी.

चुलत्यांना सांगा, जाड सुईची कोअर बायोप्सी कुठून घ्यायची ते ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवायचं असतं, म्हणजे सुईची वाटही पुढे गाठीबरोबर काढता येते. तुकडा त्या वेगळ्या दिसणाऱ्या कोपऱ्यातून घ्यायला हवा. नुसती चरबी आली तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. एमडीएम२ जनुकाची फिश चाचणी (तुकड्यातल्या पेशींत या जनुकाच्या जादा प्रती आहेत का ते बघतात) होणार का, तेही विचारा. साधी चरबीची गाठ आणि लिपोसार्कोमा, यांतला फरक त्यावरून कळायला मदत होते. परळच्या टाटामध्ये हाडं आणि मऊ ऊतींच्या गाठींसाठी वेगळी टीम आहे. जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता कागद नको.

धागाकर्ता:
ताई, गुरुवारचं रद्द केलं. चुलत्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेच सोबत येतायत. आप्पांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. बायोप्सीआधी बंद करू का?

प्रतिसाद २:
स्वतःहून नको. गोळी देणारे डॉक्टर आणि बायोप्सी करणारे, दोघांनाही आधी विचारा. औषधांची चिठ्ठी सीडीसोबतच ठेवा.