समोरून काढलेल्या व्हिडिओत बाबांचा गुडघा 14 अंश आत जातो. हे खरं मानायचं का?

कळमन्याची लेक
नमस्कार. मी नागपुरात एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीत मास्टर्स, करते आहे. बाबा सव्वीस वर्षांपासून कळमना मार्केटला हमाल आहेत. दोन वर्षं झाली, त्यांचा डावा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. त्यांच्या टोळीतल्या आणखी चार जणांची हीच तक्रार आहे. उजव्या खांद्यावर पोतं घ्यायचं, डाव्या पायावर वळायचं आणि थप्पीवर टाकायचं. दिवसभर प्रत्येक खेपेला तेच वळण. थिसिससाठी मला ते वळणच मोजायचं आहे.

रविवारी घरासमोर बाबांना 20 किलोचं पोतं दिलं, समोर स्टँडवर मोबाईल लावला. आईच्या मोठ्या काळ्या टिकल्या खुब्याच्या पुढच्या हाडावर, गुडघ्याच्या वाटीवर आणि घोट्याच्या मध्यावर चिकटवल्या. किनोव्हियात (व्हिडिओवर कोन मोजायचं सॉफ्टवेअर) वळतानाची फ्रेम थांबवून कोन काढला. गुडघा 14 अंश आत. मी रात्रभर झोपले नाही, बाबांचा गुडघा रोज असा कोसळतो म्हणून. गाईड मॅडम एवढंच म्हणाल्या की हे टूडी आहे, एकाच कॅमेऱ्याचं सपाट चित्र, यावर काही लिहू नको.

टूडी म्हणजे ते 14 अंश खोटे का? आणि थ्रीडी लॅब हाताशी नसेल तर या विषयाचं काय करायचं?

धावता भाऊ
ताई, ओपनकॅप बघा, मोबाईलच्या व्हिडिओंवरून थ्रीडी हालचाल काढणारं सॉफ्टवेअर. दोन आयफोन लागतात आणि कॅलिब्रेशनसाठी चौकटींचा छापील बोर्ड. अंगाला काही चिकटवायचं नाही, संशोधनासाठी फुकट आहे. आम्ही फुटाळ्यावर धावणाऱ्या ग्रुपचे कोन त्यावरच काढतो. तुमचा प्रश्न सुटेल.

रामदासपेठ फिजिओ
सात वर्षं दुसऱ्या शहरातल्या गेट लॅबमध्ये (माणसाची चाल मोजणारी लॅब) काढली, आता इथे प्रॅक्टिस करते. थोडं सविस्तर लिहिते, कारण या चुकीत मी स्वतः पडले आहे.

आधी आरशासमोर उभी राहा. डावा गुडघा थोडा वाकव आणि पाऊल, नडगी, मांडी असा अख्खा पाय खुब्यातून आत फिरव. आरशात गुडघा आत कोसळलेला दिसेल. पण गुडघ्याला काहीच झालेलं नाही. तो बिजागरीसारखा सरळ वाकला आहे, फक्त दार कॅमेऱ्याकडे तिरकं उघडलं आहे.

आता आकडे. मांडी आणि नडगी सारख्या लांबीच्या धर, खुबा बरोबर घोट्याच्या वर धर. गुडघा 40 अंश वाकला की तो खुबा ते घोटा या रेषेच्या पुढे येतो, मांडीच्या लांबीच्या सुमारे 34 टक्के. अख्खा पाय 20 अंश आत वळला की त्या 34 मधले जवळपास 12 टक्के बाजूला सरकतात. समोरचा कॅमेरा 14 अंशांचा कोन दाखवतो. गुडघ्याचा खरा आतला झुकाव शून्य! तुझ्या बाबांचं नेमकं हेच आहे असं मी म्हणत नाही. पण तुझ्या फ्रेमवरून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून मॅडम बरोबर आहेत. 1890 च्या दशकात लाइपझिगमध्ये ब्राउन आणि फिशर यांनी माणसाच्या अंगाला प्रकाशनळ्या बांधून, अंधारात, एकाहून जास्त कॅमेऱ्यांनी चाल टिपली आणि हाताने गणितं केली. एवढा खटाटोप याचसाठी, की एका बाजूने बघून खोली कळत नाही.

धावता भाऊ, ओपनकॅप चांगलं आहे, मीही वापरते. पण त्यातल्या सांगाड्याच्या मॉडेलमध्ये गुडघ्याला मोकळी हालचाल एकच, वाकणं. आत-बाहेरचा झुकाव ते स्वतंत्रपणे मोजतच नाही. हिचा प्रश्न तर त्या झुकावाचाच आहे. शिवाय खांद्यावरच्या पोत्याने डोकं आणि खांदा झाकला की शरीराचे बिंदू ओळखतानाच गडबड होते.

आणि लॅब मिळाली म्हणजे सुटलो असंही नाही. शरीराच्या प्रत्येक भागाला, एका रेषेत नसलेले किमान तीन मार्कर (अंगावर चिकटवायच्या चकाकत्या गोळ्या) लागतात आणि प्रत्येक मार्कर किमान दोन कॅमेऱ्यांना दिसावा लागतो. तेवढं जमतं. खरी परीक्षा बोटांची आहे. मांडीच्या हाडाचे गुडघ्याजवळचे दोन उंचवटे चाचपून गुडघ्याचा अक्ष, म्हणजे तो ज्या रेषेभोवती वाकतो ती रेषा, ठरतो. तो अक्ष 10 अंश फिरलेला धरला, तर 60 अंश वाकलेला सरळ गुडघासुद्धा साडेआठ अंश झुकलेला दिसतो. कॉम्प्युटर तक्रार करत नाही, आलेख देखणा येतो. माझ्या पहिल्या अभ्यासात अकरा जणांचा डेटा मी असाच गमावला. गुडघा वाकण्याचा आणि झुकण्याचा आलेख बरोबरीने चढत-उतरत होता, आणि मला वाटलं काहीतरी शोध लागला. ते दोन आलेख एकमेकांच्या सावलीसारखे चालले, तर आधी मार्कर काढून पुन्हा चाचपायचं. मांडीवर कातडी आणि स्नायू हाडावरून सरकतात तो भाग वेगळाच, तो पूर्ण जात नाही.

नागपूरकरांसाठी एक: मे महिन्यात घामाने मार्कर गळतात. कातडी कोरडी करून टिंक्चर बेंझोइन लाव, वाळू दे, मग दुतर्फी टेप. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा हवा, उन्हातल्या इन्फ्रारेडने कॅमेरे भांबावतात. बुटाची चकाकती पट्टी झाक, नाहीतर भलताच मार्कर दिसतो.

ओळंबा
मी मेकॅनिकलवाला, शरीरशास्त्रात हात घालत नाही. पण दोन साध्या कॅमेऱ्यांनी थ्रीडी होतं. 1971 ची अब्देल-अझीझ आणि करारा यांची डीएलटी पद्धत वाचा, दोन चित्रांवरून बिंदूची खरी जागा काढायची. प्रत्येक कॅमेऱ्याचे 11 गुणांक (खरी जागा आणि चित्रातली जागा जोडणारे आकडे) काढायचे, त्यासाठी जागा माहीत असलेले किमान 6 बिंदू लागतात. मी 20 घेतो. गवंड्याचे चार-पाच ओळंबे वरच्या पाइपला टांगा, दोऱ्यांवर मोजून मणी बांधा. हालचाल त्या मण्यांच्या आतच झाली पाहिजे, बाहेर चूक झपाट्याने वाढते. दोन्ही कॅमेऱ्यांत दिसेल असा दिवा एकदा लावा, म्हणजे वेळ जुळवता येते. दोन्ही कॅमेऱ्यांत साठ-सत्तर अंशांचा कोन ठेवा.

कळमन्याची लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, काल आरशासमोर आधी मी करून पाहिलं, मग बाबांना केलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अनवाणी असलो की आधी टाच फिरते, मग मी. चप्पल घातली की पाय तिथंच चिकटते अन् मी वरूनच वळतो. दुखते ते चपलेच्या दिवशीच." सव्वीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

आता वाटतंय, गुडघ्याच्या झुकावाच्या आधी पाऊल आणि कंबर मोजावी. पाऊल किती फिरतं, कंबर किती, कोण आधी सुटतं. अनवाणी आणि चपलेसह. हे चालेल का?

रामदासपेठ फिजिओ
चालेल, आणि हे तुझ्या आवाक्यातलं आहे. पाऊल आणि कंबर यांच्या वळण्यातला फरक घोटा, गुडघा आणि खुबा मिळून पेलतात. गुडघ्याच्या वाट्याला किती आलं हे त्यावरून सांगू नकोस, तेवढं थिसिसमध्ये स्पष्ट लिही. कंबरेच्या मागच्या दोन हाडांवर आणि त्यांच्या मध्ये एक पट्टी बसवून तिच्या टोकांवर मार्कर लाव. शर्ट आत खोचलेला नको, वर बांधलेला हवा. ओझं 20 किलोच ठेव, प्रत्येक प्रकाराच्या पाच खेपा, मध्ये बसायला खुर्ची. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाल्याशिवाय टोळीतल्या बाकीच्यांचं एकही शूटिंग करायचं नाही.

ओळंबा
पाच ओळंबे आणि नायलॉनचा दोरा माझ्याकडे आहे. पाइपची चौकट अडीच मीटर उंच लागेल, पोतं खांद्यावर असणार. मणी दोन रंगांचे आणा.