पन्हाळा १६७३: कोंडाजी फर्जंदांची रात्र आपण का विसरलो?

करवीरकर

दरवर्षी शाळेची मुलं घेऊन पन्हाळ्यावर जातो. तीन दरवाजा, अंबारखाना, सज्जा कोठी, कुठंही उभं राहा, कथा एकच ऐकू येते: १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, भर पावसातली महाराजांची सुटका आणि बाजीप्रभू. ती सांगायलाच हवी. पण त्याच वर्षी हा गड आदिलशाहीला द्यावा लागला. मग तो परत कसा आला, असं विचारलं की मुलं गप्प बसतात. बरेच शिक्षकही गप्प बसतात, याचं जास्त वाईट वाटतं.

६ मार्च १६७३. मोहीम अण्णाजी दत्तोंकडं होती. कोंडाजी फर्जंद निवडक साठ माणसं घेऊन रात्री कडा चढले. कर्णे फुंकले, तशी गडावरच्यांना मोठी फौजच आत शिरल्यासारखी वाटली. किल्लेदार पडला, गड आला. जयराम पिंड्ये यांनी या प्रसंगावर 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्य रचलं, तेही घटना ताजी असताना.

माझं मत स्पष्ट सांगतो. गड परत कसा घ्यावा हे शिकवताना आपण सिंहगड पुढं करतो, तिथं पन्हाळा पुढं करायला हवा. माणूस कमी, रक्त कमी, काम पूर्ण. सरदार पडला तर आपण त्याला डोक्यावर घेतो, आणि जो जिवंत राहून फत्ते करतो त्याचं नावही घेत नाही. हा कोंडाजींवर अन्याय आहे.

पोलादपूरकर

दादा, कोंडाजींचा मान ठेवूनही हे पटलं नाही. तानाजीराव पडले एवढ्यावर सिंहगडाची थोरवी उभी नाही. पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना गेले, त्यात कोंढाणा, म्हणजेच सिंहगड होता, अगदी पुण्याच्या उशाला. ४ फेब्रुवारी १६७० ला तो घेतला तो औरंगजेबासारखा बादशहा ऐन भरात असताना. वर मोगलांचा किल्लेदार उदेभान राठोड. पुढच्या महिन्यात, ८ मार्चला, निळोपंतांनी पुरंदरही घेतला. गेलेला मुलूख परत येतो, हा विश्वास कोंढाण्यानं दिला.

पन्हाळ्यावर समोर कोण होतं? अली आदिलशहा नोव्हेंबर १६७२ मध्येच वारला होता. गादीवर लहान पोर, दरबारात भांडणं. मोडकळीला आलेल्या घराचं दार होतं ते.

करवीरकर

दार एवढं मोडकं होतं, तर १६६६ ला का उघडलं नाही? १६ जानेवारीला खुद्द महाराज चालून गेले होते. नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत, हजारभर माणूस पडलं आणि विशाळगडाकडं माघारी यावं लागलं. जिथं हजार गेले तिथं सात वर्षांनी साठ पुरले. याला नुसतं नशीब म्हणता येणार नाही.

बखरवाचक

१६६६ चा दाखला जपून द्या. तेव्हा अली आदिलशहा हयात होता, आणि महाराज मिर्झाराजांच्या विजापूर मोहिमेत होते, म्हणजे तो हल्ला मोगलांच्या बाजूनं होता. त्या लढाईशी १६७३ ची तुलना सरळ होत नाही.

दुसरं, तुम्ही दोघं ज्या दोन रात्री एकमेकींविरुद्ध उभ्या करताय, त्या मला एकाच मुशीतल्या वाटतात. सिंहगडाची हकिगत सभासदाच्या बखरीत बघा, तिथं घोरपड नाही. दोन मर्दाने मावळे वानरासारखे कडा चढले, वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली, मग तानाजीराव आणि बाकीचे चढले, असं आहे. नेलेली माणसं पाचशे. म्हणजे इथंही रात्र, कडा आणि मोजकी माणसंच. गड हाती आल्यावर पागेला आग लावली, तो उजेड राजगडावरून दिसला. फरक पडला तो लढाई पेटल्यावर: तानाजीराव आणि उदेभान दोघंही पडले, आणि तानाजीरावांचे भाऊ सूर्याजी यांनी लोक सावरून गड घेतला. म्होरक्या पडल्यावर फौज कशी टिकते, हा धडा पन्हाळ्यात मिळत नाही.

आणि सभासद 'सिंह गेला' म्हणत नाही. 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला' असं आहे. सिंहगड हे नाव तर १६६३ च्या पत्रातही सापडतं.

पोलादपूरकर

नाव आधीचं असेल, मान्य. पण उमरठला समाधीपुढं उभं राहिलं की मला अजून 'सिंह'च ओठावर येतो, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही.

नेसरीकर

करवीरकर सर, 'रक्त कमी' यावर बोलायचं आहे. ते त्या एका रात्रीपुरतं खरं आहे. पन्हाळा गेला म्हणून विजापूरनं बहलोलखान पाठवला. एप्रिल १६७३ मध्ये सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजरांनी त्याला उमराणीजवळ पाण्यावाचून कोंडलं, पण शरण आल्यावर सोडून दिलं. महाराजांना ते मुळीच रुचलं नाही. खान उलटून आला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या साथीदारांनिशी त्याच्या फौजेवर तुटून पडले. कुणी परतलं नाही. पन्हाळ्याचं मोल आमच्या खिंडीत चुकतं झालं, असं मी समजतो. स्वराज्याचा सरनौबत गेला. सिंहगडावर एक मोहरा गेला, तसाच इथंही गेला, फक्त वर्षभरानं.

करवीरकर

नेसरीकर, मी मुलांना पन्हाळा वेगळा सांगतो आणि नेसरी वेगळी. हे दोन्ही जोडून सांगायला हवं होतं. 'रक्त कमी' हे शब्द मागं घेतो. सिंहगडाच्या जागी पन्हाळा, हेही मागं घेतो.

कोंडाजींबद्दलचं मात्र मागं घेत नाही. पन्हाळा आला आणि त्यामागोमाग एप्रिलमध्ये परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड, जुलैत सातारा. १६८० ला महाराज गेले तेव्हा संभाजीराजे याच गडावर होते. एवढं सगळं ज्या गडावर उभं राहिलं, तो मिळवून देणाऱ्याचं नाव गडावर आलेल्या मुलाच्या कानावर पडलंच पाहिजे. बाजीप्रभूंच्या कथेनंतर पाच मिनिटं तरी.

यंदा सकाळी पन्हाळा आणि त्याच दिवशी नेसरी करावी म्हणतो. लहान मुलं आहेत, जमेल का?

नेसरीकर

गडहिंग्लजमार्गे या. पहाटे गड उरकलात तर उन्हं कलायच्या आत खिंडीत पोचाल. मी थांबतो तिथं.