मदत हवी आहे: दिवाळीला आलेला भाचा खोलीबाहेर येईना

भाचा १७ वर्षांचा, लातूरला नीटची तयारी करतो. दिवाळीला गावी आलाय, पण रात्र रात्र जागा, जेवण निम्म्यावर, फराळाला हात नाही. पाहुणे आले की मार्कांचीच चौकशी, मग हा माळवदावर.

आम्ही मोबाईल काढून घेतला (चूकच झाली, परत दिला). जीव द्यायचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं, नाही म्हणाला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मीच बोललो, तो फोन घेईना. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं म्हटलं, तर दाजी म्हणतात, "येडा हाय का पोरगं?"

भाऊबीजेनंतर चार दिवसांनी क्लास सुरू. दाजींना आणि त्याला, दोघांनाही न दुखावता त्याआधी डॉक्टरांपर्यंत कसं न्यावं? कुणी नेलंय का?