रिकामा दिवस टूलने भरावा का? (अमेरिकी ट्रेझरीचे व्याजदर)

रकानेवाला
अमेरिकी ट्रेझरी (तिथलं सरकारी अर्थखातं) आपल्या कर्जरोख्यांचे, म्हणजे बाँडांचे, मुदतवार व्याजदर रोज जाहीर करते; ते उतरवायला एक छोटं कमांड लाइन टूल लिहितोय. वर्षं सांगायची, एंटर दाबायचं, सगळ्या मुदतींचे दर एका सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या मजकुरातला तक्ता) हजर. अडलंय एकाच ठिकाणी. १८ फेब्रुवारी २००२ पासून ८ फेब्रुवारी २००६ पर्यंत ट्रेझरीने ३० वर्षांचा दर जाहीरच केला नाही, कारण ३० वर्षांचा बाँड काढणंच थांबवलं होतं. तिथे टूलने काय लिहावं?

माझं मत ठाम आहे : काहीही लिहू नये. मागच्या नोकरीत अशाच रिकाम्या दिवसांच्या जागी फाइलमध्ये शून्यं पडली होती. त्यांची सरासरी तशीच अहवालात गेली आणि दर एवढा का कोसळला याचं कारण आम्ही तीन आठवडे शोधत होतो. कोसळला नव्हताच.

टर्मिनलप्रेमी
असहमत. शून्य भरणं चूकच, पण म्हणून भोक तसंच ठेवायचं? त्या चार वर्षांत ट्रेझरी २० वर्षांच्या दराबरोबर एक समायोजनाचा आकडा देत होती. तो २० वर्षांच्या दरात मिळवला की ३० वर्षांच्या दराचा अंदाज यायचा. रीत खुद्द त्यांचीच, मग टूलला कसली अडचण?

आणि ऑक्टोबरचा दुसरा सोमवार घ्या. कोलंबस डे : शेअर बाजार चालू, बाँड बाजार बंद. शेअरच्या भावाशी दर जुळवणाऱ्याला त्या दिवशी शुक्रवारचाच दर लागतो. तो प्रत्येकाने हाताने भरत बसायचा का?

कोथरूडकर
मुळात टूल हवंच कशाला? ट्रेझरीच्या संकेतस्थळावरून सीएसव्ही उतरवता येते की.

रकानेवाला
@कोथरूडकर, एका वर्षापुरतं ते ठीक. १९९० पासूनचं हवं असेल तर मधे रकाने वाढत गेलेत. २ महिन्यांचा दर ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, ४ महिन्यांचा ऑक्टोबर २०२२ मध्ये, दीड महिन्याचा फेब्रुवारी २०२५ मध्ये. रकान्याच्या क्रमांकावर विसंबून जुन्या फाइलखाली नवी चिकटवलीत, तर ३ महिन्यांच्या खाली २ महिन्यांचा दर जाऊन बसतो. दोन्ही आकडे जवळपासचे, त्यामुळे नजरेला खटकतही नाही.

@टर्मिनलप्रेमी, शुक्रवारचा दर सोमवारच्या तारखेपुढे लिहिला की तो सोमवारचा दर म्हणूनच वाचला जातो. फाइल पुढे तिसऱ्याच्या हातात जाते, त्याला कोण सांगणार?

टर्मिनलप्रेमी
पण जाहीर होणारे दर तरी कुठे थेट बाजारातून उचललेले असतात? नेमकी १० वर्षं उरलेला बाँड रोज थोडाच असतो! आहेत त्या बाँडांच्या भावांवरून मुदत आणि दर यांचा वक्र काढून त्यावरचा बिंदू वाचतात. वक्र काढायची पद्धतही ६ डिसेंबर २०२१ ला बदलली. सरकारी आकडाही अंदाजच आहे, मग माझ्या अंदाजालाच एवढा सोवळेपणा का?

रकानेवाला
मुद्दा बिनतोड आहे. फरक एवढाच, की त्या अंदाजाची जबाबदारी ट्रेझरीची असते. माझ्या टूलने भरलेल्या आकड्याची कुणाचीच नाही, आणि दिसायला दोन्ही सारखेच. मागितलं तर भरून देईन, पण वेगळ्या रकान्यात, ‘अंदाज’ असं नाव देऊन. न मागता नाही.

टर्मिनलप्रेमी
न मागता भरावं हे माझं मत कायम आहे. निदान फाइल उतरली की किती दिवस रिकामे राहिले ते टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करतो त्याच खिडकीत, छापा. नवख्या माणसाला मागायचं असतं हेच माहीत नसतं.

रकानेवाला
हे मात्र पटलं. कुठल्या मुदतीचे किती दिवस, तेही छापतो. आज रात्रीच टाकतो.